चाकाबाहेरचं शून्य

युरोपीय रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. १ ते ३६ हे आकडे आणि एक हिरवं शून्य. एखाद्या आकड्यावर पैसे लावले आणि तो लागला, तर लावलेले पैसे परत आणि वर त्याच्या ३५ पट मिळतात. आकडा लागण्याची शक्यता मात्र ३७ मध्ये एक. जुगारघराचा सगळा धंदा या फरकावर चालतो. हजारो डावांचा हिशेब मांडला तर लावलेल्या दर १०० रुपयांमागे २ रुपये ७० पैसे जुगारघराकडे राहतात. अमेरिकी चाकावर शून्याच्या जोडीला दुहेरी शून्यही असतं, त्यामुळे तिथे हाच हिस्सा ५.२६ टक्क्यांवर जातो. एका जादा घराने जुगारघराची मिळकत जवळजवळ दुप्पट होते.

घरबसल्या परदेशी चलनात खेळणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक शून्य येतं आणि ते चाकावर रंगवलेलं नसतं. त्याचा पगार एका चलनात जमा होतो, ई-वॉलेट दुसऱ्या चलनात असतं आणि खेळाचं खातं तिसऱ्याच चलनात. मग पहिला डाव पडण्याआधीच त्याच्या पैशाला दोनदा कात्री लागते. चलन बदलून देण्याबद्दल वॉलेट कंपन्या साधारण ३ ते ४ टक्के कापतात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. रुलेटच्या चाकाची बारीकसारीक गणितं पाठ असलेले लोक या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्याचं कारण आळस नव्हे. हा आकडा दिसणार नाही अशी व्यवस्थाच केलेली असते.

चलनांचा खरा घाऊक बाजार बँकांचा आपापसातला. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीनुसार एप्रिल २०२२ मध्ये या बाजारात रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती. इतक्या मोठ्या बाजारात प्रमुख चलनांच्या खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांत नावापुरतं अंतर असतं. त्या दोहोंच्या मधोमध जो दर येतो तो मधला दर. मोबाइलवर ‘आजचा डॉलर’ शोधला की साधारण हाच दिसतो. पण तुम्हाआम्हाला तो मिळत नाही. आपल्याला मिळतो तो मध्यस्थाने आपला नफा मिसळलेला दर. विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर ‘शुल्क नाही’ अशी पाटी असते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. शुल्क खरोखरच नसतं, कारण जे घ्यायचं ते दरातच घेतलेलं असतं. खरेदीचा आणि विक्रीचा दर शेजारी शेजारी लिहिलेला असेल तर दोन्हींची वजाबाकी करून बघा, मग पाटीचा अर्थ लागतो.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हा प्रकार नवा नव्हता. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि सरहद्द ओलांडून नगर किंवा सोलापूर जिल्ह्यात आलं की कलदार, म्हणजे ब्रिटिशांचा रुपया. सात हालींचे सहा कलदार, हे प्रमाण व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलेलं होतं. त्याआधी पेशवाईत तर प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा. चांदवडी निराळा, अंकुशी निराळा. कुणात चांदी कमी, कुणी झिजलेला. सराफ नाणं पारखायचा आणि त्यावर बट्टा लावायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया पाडला आणि सराफांच्या कमाईचं एक मोठं साधन आटत गेलं. आजच्या वॉलेट कंपन्या बसल्या आहेत त्या त्याच पेढीवर. फरक एवढाच की सराफ समोर बसून बट्टा सांगायचा आणि गिऱ्हाईक घासाघीस करू शकायचं.

जुगार आणि ई-वॉलेट यांची सोयरीक कशी जमली, हेही पाहण्यासारखं आहे. ऑनलाइन जुगाराला विसाव्या शतकाच्या अखेरीस भरती आली, तेव्हा कार्ड देणाऱ्या बँका या व्यवहारांना बिचकत होत्या. हरलेले लोक व्यवहार नाकारायचे, तक्रारी व्हायच्या. मधल्या मध्ये एक पाकीट ठेवलं की बँकेला दिसतो फक्त पाकिटात भरलेला पैसा, आणि जुगारवाल्याला मिळतो पक्का झालेला पैसा. पेपालने सुरुवातीला या धंद्यातून चांगली कमाई केली. २००२ मध्ये ईबेने पेपाल विकत घ्यायचं ठरवलं आणि जुगाराचे व्यवहार बंद करण्याचं जाहीर केलं. ती मोकळी जागा नेटेलरने व्यापली. १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत सुरू झालेली ही कंपनी पुढे आइल ऑफ मॅन या बेटावर गेली आणि २००४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात तिची नोंदणी झाली.

मग अमेरिकेने दोर कापला. ऑक्टोबर २००६ मध्ये अध्यक्ष बुश यांनी बंदरांच्या सुरक्षेच्या एका विधेयकावर सही केली. त्याच विधेयकाला शेपटासारखा जोडलेला होता बेकायदा ऑनलाइन जुगाराला पैसे पुरवण्यावर बंदी घालणारा कायदा. जानेवारी २००७ मध्ये नेटेलरचे दोन्ही संस्थापक, स्टीफन लॉरेन्स आणि जॉन लेफेव्र, अमेरिकेत पकडले गेले. कंपनीने अमेरिकेतला धंदा गुंडाळला आणि १३ कोटी ६० लाख डॉलर सरकारजमा केले. त्यानंतर हा उद्योग युरोपात एकवटला. लंडनमध्ये २००१ मध्ये मनीबुकर्स या नावाने सुरू झालेली आणि पुढे स्क्रिल म्हणून ओळखली गेलेली कंपनी नेटेलरची मोठी स्पर्धक. २०१५ मध्ये नेटेलरच्या मालक कंपनीने स्क्रिलच विकत घेतली आणि एकत्र कुटुंबाचं नाव पेसेफ झालं.

चलनबदलाच्या कात्रीला सर्वांत सुपीक जमीन मिळाली ती युरोपातच. जुगाराच्या कंपन्या माल्टात, जिब्राल्टरमध्ये, आइल ऑफ मॅनवर. माल्टाने २००८ मध्ये युरो स्वीकारला. खेळणारे मात्र पोलंडचे झ्लॉटीवाले, स्वीडनचे क्रोनावाले, ब्रिटनचे पौंडवाले. आणि पोकरच्या आंतरराष्ट्रीय टेबलांवर वर्षानुवर्षं डॉलरच चालत आला.

आता एकाच माणसाचे १०० पौंड धरून त्यांचा प्रवास पाहू. समजा, आयंडहोवनची नोकरी सोडून लंडनला आलेला एक मराठी इंजिनिअर आहे. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीकडे ऑनलाइन खेळणं कायदेशीर आहे. त्याचं बँक खातं पौंडांत. वॉलेट उघडताना त्याने युरो निवडला, कारण तेव्हा त्याची सगळी कमाई युरोत होती. पोकरचं खातं डॉलरमध्ये. हिशेब सोपा राहावा म्हणून एक पौंड म्हणजे १.२० युरो आणि एक युरो म्हणजे १.१० डॉलर असा मधला दर धरू. या दराने १०० पौंडांचे १३२ डॉलर व्हायला हवेत.

तो वॉलेटमध्ये डेबिट कार्डाने १०० पौंड भरतो. वॉलेट युरोचं, म्हणून बँक पौंडाचे युरो करते आणि आपले ३ टक्के ठेवून घेते. वॉलेटमध्ये येतात ११६ युरो ४० सेंट. तिथून तो पोकरच्या खात्यात पैसे टाकतो. वॉलेट कंपनी युरोचे डॉलर करते आणि ४ टक्के घेते. टेबलावर पोचतात १२२ डॉलर ९२ सेंट. नऊ डॉलर वाटेतच गळाले.

त्या संध्याकाळी त्याला अचानक घरून फोन येतो, बेत रद्द होतो. एकही पत्ता न उचलता तो सगळे पैसे परत काढतो. आता तीच वाट उलट्या दिशेने. डॉलरचे युरो होताना वॉलेट पुन्हा ४ टक्के घेतं, युरोचे पौंड होताना बँक पुन्हा ३ टक्के. खात्यात जमा होतात ८६ पौंड ७१ पेन्स. न खेळताच तो तेरा पौंडांहून जास्त हरला. आणि त्याला कुठेही ‘शुल्क’ या नावाची एक ओळसुद्धा दिसली नसण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक पडद्यावर फक्त दर दिसला आणि दर तर रोज बदलतातच, नाही का?

याच माणसाने वॉलेट डॉलरमध्ये उघडलं असतं तर चलनबदल जाताना एकदा आणि येताना एकदाच झाला असता. बँकेच्या ३ टक्के दराने त्याच्या हाती ९४ पौंड ९ पेन्स आले असते. आणि बँक, वॉलेट, खेळाचं खातं असं सगळंच पौंडांत असतं तर शंभराचे शंभर परत. म्हणून या धंद्यात मुरलेले लोक कुठल्या वॉलेटचं शुल्क किती, हे आधी विचारत नाहीत. ते चलनबदल किती वेळा होणार, हे मोजतात. स्वस्त वॉलेट शोधून अर्धा टक्का वाचतो. साखळीतली एक कडी कमी केली की तीन-चार टक्के वाचतात.

कडी कमी करण्याची संधी बहुतेक ठिकाणी एकदाच मिळते, नोंदणीच्या वेळी. नाव, पत्ता, जन्मतारीख भरताना मध्येच चलनाचा एक छोटा रकाना येतो. त्यात आधीच काहीतरी निवडून ठेवलेलं असतं आणि घाईत माणूस पुढे जातो. पहिला भरणा झाला की बऱ्याच वॉलेटांत आणि बऱ्याच जुगारखात्यांत ते चलन बदलता येत नाही. खातं बंद करून नवं उघडणंही सोपं नसतं, कारण एका माणसाला एकच खातं, असा नियम असतो. तेव्हा पगार ज्या चलनात येतो त्या चलनात वॉलेट आणि खेळाचं खातं दोन्ही मिळत नसतील, तर निदान वॉलेट आणि खेळाचं खातं एकाच चलनात ठेवावं आणि बदल एकदाच, जिथे स्वस्त असेल तिथे, करून घ्यावा.

स्वस्त कुठे, याचं उत्तर बहुधा कार्डाकडे असतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपला रोजचा दर संकेतस्थळावर जाहीर करतात आणि तो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमची बँक जो मार्कअप चढवते, तो खरा खर्च. परदेशी खर्चावर मार्कअप न लावणारी कार्डंही मिळतात. अडचण अशी की पैसे देण्याच्या पडद्यावर एक मदतीचा हात पुढे येतो: ‘आम्हीच तुमच्या चलनात रक्कम बदलून देऊ का?’ याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. आपल्या ओळखीच्या चलनात आकडा दिसला की बरं वाटतं आणि बोट ‘हो’ वर जातं. त्या क्षणी कार्डाचा दर बाजूला पडतो आणि दुकानदाराच्या मध्यस्थाचा दर लागू होतो. पेपालवरही परकीय चलनात पैसे देताना, बदल पेपालने करायचा की कार्डाच्या बँकेने, हा पर्याय असतो; पण तो शोधावा लागतो. साधा नियम असा: समोरच्याच्या चलनात पैसे द्यावेत, आपल्या चलनात नव्हे. लंडनच्या दुकानात पौंडांत, पॅरिसच्या एटीएमवर युरोत.

युरोपीय संघाने या लपवाछपवीवर निदान उजेड पाडला. २०१९ च्या नियमानुसार, १९ एप्रिल २०२० पासून, एटीएमवर किंवा दुकानात असा चलनबदल देऊ करणाऱ्याने आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के महाग आहे, ते आधी दाखवायचं असतं. त्यामुळे दर खाली आले की नाही हा वेगळा प्रश्न. पण तुलना करायला एक काठी तरी मिळाली.

मधल्या दराशी केलेल्या अशाच तुलनेतून त्याच्या कितीतरी आधी एक अख्खी कंपनी उभी राहिली होती. लंडनमध्ये दोन एस्टोनियन तरुण राहत होते. तावेत हिन्रिकस स्काइपमध्ये होता, पगार युरोत आणि खर्च पौंडांत. क्रिस्तो केअरमानचा पगार पौंडांत, पण एस्टोनियातल्या घराचं कर्ज युरोत. दोघेही दर महिन्याला बँकेला पैसे मोजत होते, एक या दिशेने आणि दुसरा त्या दिशेने. मग त्यांनी त्या दिवसाचा मधला दर बघायचा आणि एकाने दुसऱ्याच्या पौंडखात्यात, दुसऱ्याने पहिल्याच्या युरोखात्यात रक्कम टाकायची, असं सुरू केलं. पैशाने सरहद्द ओलांडलीच नाही, मग कात्री लागणार कशी? यातून २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज निघाली. पुढे २०२१ मध्ये ती वाइज या नावाने लंडनच्या शेअर बाजारात उतरली.

उधारीवर खेळणाऱ्यांना मात्र यातली कुठलीही युक्ती उपयोगी नाही. कार्डव्यवहारांत प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी कोड असतो. पैज, लॉटरी आणि कॅसिनोसाठी तो ७९९५. हा कोड दिसला की अनेक देशांतल्या बँका व्यवहार रोख उचल म्हणून धरतात आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. ब्रिटनने तर १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायलाच बंदी केली, आणि क्रेडिट कार्डाने वॉलेट भरून ते जुगारात वापरण्याची पळवाटही बुजवली.

इथे प्रमाणाचं भान हवं. चलनबदलाची कात्री पैसे आत येताना आणि बाहेर जाताना लागते. चाकाची कात्री प्रत्येक डावाला लागते. १०० पौंड खात्यात टाकले आणि जिंकत-हरत तेच पैसे दहा वेळा फिरवले, तर एकूण लावलेली रक्कम हजार पौंड होते आणि तिच्यावर २.७ टक्के म्हणजे २७ पौंड सरासरीने जुगारघराकडे जातात. ‘बोनस’च्या अटींमध्ये ३५ पट खेळण्याची सक्ती असेल तर १०० पौंडांच्या बोनसवर साडेतीन हजारांची उलाढाल होते आणि तिच्यावरचा अपेक्षित तोटा साडेचौऱ्याण्णव पौंड. म्हणजे बोनस जवळजवळ जिथून आला तिथेच परत. चलनाचे चार टक्के वाचवण्यासाठी रात्र जागवणारा माणूस अशी अट न वाचता मान्य करतो, तेव्हा त्याची काटकसर चुकीच्या जागी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईचा मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर चालायचा, पण लावलेले पैसे रुपयात आणि मिळणारेही रुपयात. परदेशी आकडा, देशी चलन. मोबाइलवरचा जुगार रुपयाला सरहद्दीपलीकडे न्यायला बघतो आणि कायदा तिथेच आडवा येतो. परकीय चलनाच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फेमा कायद्याखालच्या २००० च्या नियमांत, कुठल्या कारणांसाठी परकीय चलन देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यांची यादी आहे. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक आणि तत्सम गोष्टी त्यात आहेत. भारतात राहणाऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची मुभा आहे, तीही या यादीतल्या कारणांना लागू नाही. ७९९५ हा कोड दिसला की भारतीय बँका व्यवहार नाकारतात ते याचमुळे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे इकडून तिकडे करणं, हे तिन्ही त्यात गुन्हे ठरवले आहेत. चालवणाऱ्याला आणि पैशाची वाहतूक करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

तरीही परदेशी संकेतस्थळं ‘रुपयात भरा, चलनबदल नाही’ अशी लालूच दाखवतात. ही सोय कशी केलेली असते, ते पैसे भरतानाच कळतं. पडद्यावर एक यूपीआय क्यूआर येतो आणि त्यावर नाव असतं भलत्याच माणसाचं, कधी किराणा दुकानाचं, कधी कुणा अनोळखी महिलेचं. दुसऱ्या वेळी भरायला जावं तर नाव बदललेलं. ही भाड्याने घेतलेली बँक खाती. त्यातलं एखादं सायबर पोलिसांच्या नजरेत आलं की त्याच्याशी व्यवहार झालेली खातीही गोठवली जाऊ शकतात, आणि त्यात पगाराचं खातं असेल तर महिनाअखेरीचे हप्ते अडकतात. चलनबदलाचे चार टक्के वाचले, शंभर टक्के अडकले.

आणि अडकलेला पैसा मागायला न्यायालयात जाण्याचीही सोय नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. मुंबई इलाख्याने तर त्याच्याही सात वर्षं आधी, १८६५ मध्येच, एक पाऊल पुढे जाऊन पैजेला पूरक असलेले करारसुद्धा रद्दबातल ठरवले होते.